तापीचा गाळ समुद्र काठावर परत कसा आणतो

आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव असतो. त्या सुमाराला नदीला पावसाळ्याचं नवं पाणी आलेलं असतं, काळपट आणि दाट. चांगदेवला, मुडावदला, प्रकाशाला, कुठेही घाटावर उतरून ओंजळ भरली तर पाण्यातून स्वतःचा तळहात दिसत नाही. ‘वावरातली माती चालली समुद्रात’ असं घाटावरचं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे मान डोलावतात.

माती समुद्रात जाते हे खरंच आहे. पण तिथे गेल्यावर तिचं काय होतं हे खान्देशात फारसं कुणी विचारत नाही, कारण समुद्र आपल्यापासून लांब. तिचा जाडाभरडा भाग नदीच्या मुखाशीच पडतो. बारीक भाग खोल समुद्रात नाहीसा होत असेल असं आपल्याला वाटतं, पण त्यातला बराचसा किनाऱ्याच्या आसपासच घोटाळत राहतो. भरती त्याला उचलते आणि जमिनीच्या कडेला आणून टाकते. खाडीकाठच्या खाऱ्या दलदली याच गाळावर उभ्या आहेत. समुद्राची पातळी चढते तशा त्याही, पुरेसा गाळ मिळाला तर, वर चढतात. आता यात एक कोडं आहे. भरतीचं पाणी जितकं आत जातं तितकंच ओहोटीला बाहेर येतं. मग आत नेलेला गाळ ते परत का आणत नाही? हे एकदा उलगडलं की दलदलीचं निम्मं गणित समजतं.

ही जागा कुठली?

सुरतेत उधना, लिंबायत या भागांत खान्देशी माणसांची मोठी वस्ती आहे. ताप्ती लाइनने ये-जा करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी एखाद्या रविवारी डुमसच्या समुद्रकिनाऱ्याची चक्कर केलेली असते. भरतीची वेळ साधली नाही तर तिथे पाणी लांब गेलेलं दिसतं आणि मधे ओली, काळसर सपाटी उघडी पडलेली असते. तापीच्या मुखाच्या आजूबाजूला आणि खंबातच्या सगळ्या आखाताभर अशा चिखलाच्या सपाट्या आहेत. त्या रोज दोनदा बुडतात, म्हणून त्यांच्यावर झाडझुडूप तग धरत नाही.

या सपाटीपेक्षा थोडी उंच जागा मात्र वेगळी असते. तिथे पाणी रोज पोचतंच असं नाही, पोचलं तरी थोडा वेळच थांबतं. तिथे खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या वनस्पती मूळ धरतात: मोरससारखी मांसल पानांची झुडपं, खारं गवत, आणि जरा खालच्या अंगाला तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड. ही झाली खारी दलदल. इंग्लंड, नेदरलँड्स किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अशा गवताळ दलदली मैलोन्‌मैल पसरलेल्या आहेत. आपल्या उष्ण हवेत त्यांची बरीच जागा खारफुटीने घेतली आहे. गाळ साठण्याची रीत मात्र दोन्हीकडे सारखी, म्हणून पुढे दोघींना मिळून दलदलच म्हणतो.

कणाचा आकार आणि तुरटी

गाळ हा एकसारखा पदार्थ नाही. एक मिलिमीटरच्या सोळाव्या भागापेक्षा मोठे कण म्हणजे वाळू. त्याहून बारीक तो पोयटा, आणि सगळ्यात बारीक ती चिकणमाती, जिचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके किंवा त्याहूनही लहान असू शकतात. पाण्यात कण किती वेगाने बुडतो हे त्याच्या आकारावर ठरतं, आणि हा फरक साधासुधा नाही: कण दहापट लहान झाला की बुडण्याचा वेग शंभरपट कमी होतो.

आकडे घालून बघू. एक दशांश मिलिमीटरचा बारीक वाळूचा कण एक मीटर खोल पाण्याच्या तळाशी दोनेक मिनिटांत पोचतो. पोयट्याचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण तीन तास घेतो. चिकणमातीच्या हजाराव्या भागाएवढ्या कणाला तेच एक मीटर उतरायला बारा-तेरा दिवस लागतात, तेही पाणी अगदी स्तब्ध असेल तर. समुद्राचं पाणी एका जागी बारा दिवस थांबतं कुठे? भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी ते कसंबसं अर्धा-पाऊण तास मंदावतं. या हिशोबाने चिकणमाती दलदलीत बसायलाच नको. प्रत्यक्षात दलदलीचा बराचसा चिखल चिकणमातीचाच असतो.

याचं उत्तर खान्देशातल्या जुन्या घरांमध्ये लोकांना ठाऊक होतं. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी माठात भरायचं, त्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायचा आणि माठ झाकून ठेवायचा. थोड्या वेळात पाण्यात लहान लहान पुंजके दिसू लागतात, ते खाली जातात, वरचं पाणी निवळतं. तुरटी माती नाहीशी करत नाही. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि सुटे सुटे तरंगत राहतात. तुरटीतून सुटणारे धन भाराचे घटक हा दुरावा मिटवतात, मग कण जवळ आले की चिकटतात.

नदीचं गोडं पाणी समुद्रात मिसळतं तेव्हा मीठ हेच काम करतं. मिठातले धन भाराचे घटक कणांभोवतीचा प्रभार झाकून टाकतात आणि हजारो कण मिळून पुंजके बनतात. शेवाळ आणि जिवाणूंचा चिकट स्राव त्यांना आणखी धरून ठेवतो. असा पुंजका सुट्या कणाच्या शेकडो पट वेगाने बुडतो. सेकंदाला अर्धा मिलिमीटर या वेगाने धरलं तर एक मीटर उतरायला त्याला अर्धा तास पुरतो. म्हणजे भरतीच्या माथ्यावरचा तो थोडका विसावा त्याला बरोबर पुरतो.

आपली कापसाची काळी जमीन या बाबतीत विशेष आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेल्या या मातीत फुगणाऱ्या चिकणमातीचं प्रमाण मोठं आहे. म्हणूनच ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पायाला धरते. तापी, पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा अशा वाटांनी जाणाऱ्या गढूळ पाण्यात हीच माती असते. तिचे कण अतिशय बारीक. मीठ भेटलं नसतं तर त्यांनी किनाऱ्याजवळ तळ गाठायला फार वेळ घेतला असता.

भरती: आत जाताना घाई, बाहेर येताना सावकाश

कोकणातल्या कोळ्यांचा एक ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहाच्या सुमाराला, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास पूर्ण भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते, आणि तो फरक या पाऊणपटीत बसवला आहे. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरता हा हिशोब बऱ्यापैकी जमतो. दोन भरत्यांमधलं अंतर साधारण १२ तास २५ मिनिटं, म्हणजे वर्षाला सुमारे ७०५ भरत्या. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण येतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांगाची, म्हणजे लहान भरती.

खंबातच्या आखातात हे सगळं फार मोठं होतं. आखात समुद्राकडे रुंद आहे आणि आत जाताना अरुंद व उथळ होत जातं. आत शिरलेल्या पाण्याला बाजूला पसरायला जागा उरत नाही, म्हणून ते वर चढतं. शिवाय आखाताची लांबी-खोली अशी आहे की भरतीच्या लयीला तिथलं पाणी जोरात साथ देतं. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटर असतो, तर भावनगरला तो दहा मीटरच्या वर जातो. तिथल्या बंदरात ओहोटीच्या वेळी जहाजं तरंगती राहावीत म्हणून पाणी अडवून धरणारा दरवाजा बांधावा लागला आहे. इतकं पाणी सहा तासांत आत आणि सहा तासांत बाहेर करायचं म्हणजे प्रवाह जोरदार असणारच. त्यामुळे आखाताचा तळ सतत ढवळला जातो आणि तिथलं पाणी बारा महिने गढूळ दिसतं.

आता मघाच्या कोड्याकडे वळू. पाणी तेवढंच आत, तेवढंच बाहेर, तरी गाळ आतच का राहतो? याला निदान तीन कारणं आहेत, आणि पहिल्याकडे लोकांचं लक्ष सहसा जात नाही.

भरती ही खरं तर एक अतिशय लांब लाट आहे. उथळ पाण्यात अशा लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो. दहा मीटर पाण्यात ती सेकंदाला दहाएक मीटर पुढे जाते, अडीच मीटर पाण्यात पाचच मीटर. भरतीच्या माथ्याखाली पाणी जास्त असतं म्हणून माथा वेगाने पळतो. ओहोटीच्या तळाशी पाणी कमी, म्हणून तो भाग मागे रेंगाळतो. परिणामी उथळ खाडीत पाणी चढायला कमी वेळ लागतो आणि उतरायला जास्त. तेवढंच पाणी कमी वेळात आत यायचं तर त्याला जास्त वेगाने यावं लागतं. तळावरून गाळ उचलण्याची ताकद वेगाबरोबर नुसती वाढत नाही, ती झपाट्याने वाढते. वेग थोडा जास्त असला की उचललेला गाळ कितीतरी जास्त होतो. सगळ्याच खाड्या अशा नसतात. काही ठिकाणी, विशेषतः जिथे मोठ्या दलदली भरतीला पाणी साठवून धरतात तिथे, ओहोटीच जोरदार असते. पण उथळ, उघड्या, मोठ्या भरतीच्या जागी आत येणारा प्रवाह सहसा वरचढ ठरतो.

दुसरं कारण समजायला एका पुंजक्याचा प्रवास बघू. समजा प्रवाह सेकंदाला वीस सेंटिमीटरच्या खाली आला की आपला पुंजका तरंगत राहू शकत नाही, तो बुडायला लागतो. भरतीचं पाणी आत सरकतंय, काठाकडे जाताना मंदावतंय. एका ठिकाणी वेग वीसच्या खाली येतो. पुंजका त्याच जागी तळाला टेकत नाही. त्याला खाली जायला अर्धा तास हवा, आणि त्या अर्ध्या तासात पाणी हळूहळू का होईना आतच जात असतं. त्यामुळे तो आणखी शंभर-दोनशे मीटर आत जाऊन टेकतो. आता ओहोटी लागते. तो जिथे टेकला आहे ती जागा काठाच्या जास्त जवळ, आणि काठाजवळचा प्रवाह नेहमीच मंद असतो, कारण त्या जागेच्याही पलीकडे असलेलं पाणी थोडं असतं, तेवढंच तिथून परत जायचं असतं. पुंजक्याला उचलण्याइतका वेग तिथे उशिरा येतो, कधी येतच नाही. उशिरा उचलला गेला तर ओहोटीचा थोडाच काळ उरलेला असतो, मग तो जिथून आला होता तिथवर न पोचताच पुन्हा खाली बसतो. एका भरतीत पदरात पडलेलं अंतर लहानसं असतं. वर्षाच्या सातशे भरत्यांमध्ये ते साचत जातं.

तिसरं कारण याला जोडूनच येतं. चिखल उचलायला जेवढा वेग लागतो त्यापेक्षा उचललेला चिखल पाण्यात ठेवायला बराच कमी वेग पुरतो. १९३५ साली स्वीडनच्या फिलिप युल्स्ट्रॉम यांनी नदीच्या गाळाबाबत हे आलेखावर मांडून दाखवलं. वाळूचे कण सुटे असतात, पण चिकणमाती बसली की एकमेकींना धरते. ओहोटीत उघडी पडून ऊन खाल्लं की ती आणखी घट्ट होते, तिच्यावर सूक्ष्म शेवाळाचा पातळ थर चढतो. पुढच्या भरतीला तिला हलवणं कालच्यापेक्षा अवघड झालेलं असतं. १९५० च्या दशकात नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात फान स्ट्राटेन, क्यूनेन आणि पोस्टमा या अभ्यासकांनी हीच दोन कारणं, उशिरा टेकणं आणि उशिरा उठणं, नीट मांडली. तिथे त्यांना हाच प्रश्न पडला होता: मोकळ्या समुद्रापेक्षा किनाऱ्याकडच्या उथळ पाण्यात गाळ जास्त का?

तापीच्या शेवटच्या टप्प्यातही हे बघायला मिळतं. सुरतेत सिंगणपोरच्या बंधाऱ्यापाशी भरती अडते. पावसाळा सोडला तर वरून नदीचं पाणी फारसं खाली येत नाही, त्यामुळे भरतीबरोबर आत आलेला गाळ धुऊन काढणारं कुणी नसतं आणि बंधाऱ्याखालच्या पात्रात तो बसत जातो. नदीचा गाळ समुद्राकडून उलटा नदीत येतो, असं हे चित्र आहे.

सपाटीवरून दलदलीच्या माथ्यावर

इथवर गाळ सपाटीपर्यंत आला. दलदलीचा माथा अजून उंच असतो, तिथे पाणी मुख्यतः उधाणाच्या दिवसांतच चढतं. ते चढतं कुठून, तर दलदलीतून वळणं घेत गेलेल्या, फाटे फुटलेल्या ओहोळांमधून. भरती आधी या ओहोळांत शिरते, ते काठोकाठ भरतात आणि मग पाणी दोन्ही बाजूंना गवतात उतरतं.

काठ ओलांडला की पाण्याची परिस्थिती एकदम पालटते. ओहोळात सेकंदाला अर्धा मीटर वाहणारं पाणी गवताच्या दाट ताटांमध्ये काही सेंटिमीटरवर येतं. जाडा गाळ तिथेच, काठावर पडतो. म्हणून ओहोळाच्या दोन्ही अंगांना जमीन किंचित उंच असते आणि तिथलं गवत जास्त जोमदार दिसतं. बारीक पुंजके आणखी आत जातात. ओहोळापासून जसजसं लांब जावं तसा थर पातळ होत जातो, दलदलीच्या पोटातल्या सखल भागाला सगळ्यात कमी मिळतं. काही गाळ तळाला न टेकताच ताटांना आणि पानांना चिकटतो. उधाण उतरल्यावर तिवराची पानं हाताने पुसली तर बोटाला राखाडी साय लागते, पुढच्या पावसात ती धुऊन खाली येते आणि थरात मिळते. शिवाय मुळं आणि कुजलेली पानं आतून भर घालतात. काही दलदलींत तर चिखलापेक्षा हीच भर मोठी असते.

इथेच दलदलीचा तोल सांभाळणारी व्यवस्था दिसते. जागा खोल असेल तर ती जास्त वेळा, जास्त वेळ बुडते, म्हणून तिला जास्त गाळ मिळतो आणि ती लवकर वर येते. वर आली की बुडणं कमी, गाळ कमी, वाढ मंद. समुद्राची पातळी वाढली की ती पुन्हा जास्त बुडू लागते आणि वाढीचा वेग आपोआप चढतो. म्हणूनच हजारो वर्षं काही दलदली चढत्या समुद्राबरोबर राहू शकल्या. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ते हेच.

लाटा: देणाऱ्या आणि नेणाऱ्या

लाटांबद्दल बोलताना बहुतेक वेळा त्यांचं किनारा खाणंच सांगितलं जातं. दलदलीच्या बाबतीत त्यांचं काम दुहेरी आहे.

वाऱ्याने उठलेली लाट पुढे जाताना पाणी तिच्याबरोबर फार पुढे जात नाही, ते जागच्या जागी गोल फिरतं. हे फिरणं लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवतं. तीन सेकंदांनी येणारी साधी लाट चौदाएक मीटर लांब असते, म्हणजे तिचा हात सात मीटर खाली पोचतो. चिखलाच्या सपाटीवर भरतीलाही दोन-तीन मीटर पाणी. तिथे अशी लाट तळ सहज ढवळते. नुसत्या प्रवाहाला न हलणारा घट्ट चिखल लाटेच्या मागे-पुढे ओढण्याने सुटतो. मग तो उचललेला चिखल वाहून नेण्याचं काम भरती करते. सगळ्यात गढूळ पाणी भरतीच्या पुढच्या कडेला असतं, कारण तिथे पाणी इतकं उथळ की छोटी लाटही तळाला लागते, आणि हीच कड आधी ओहोळांत शिरते. म्हणून वारा पडलेल्या दिवशीची उधाणाची भरती दलदलीला फारसं काही देत नाही. तेवढीच भरती वाऱ्याच्या दिवशी आली तर कितीतरी पट जास्त गाळ घेऊन येते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्येचा मोसमी वारा, मोठ्या लाटा आणि नद्यांचे पूर हे तिन्ही एकाच काळात येतात.

वादळात हे टोकाला जातं. २००५ मध्ये कॅटरिना आणि रीटा ही दोन चक्रीवादळं अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यावर आदळली, तेव्हा तिथल्या पाणथळींवर सुमारे १३ कोटी टन गाळ येऊन पडला असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्याच वादळांनी दुसरीकडे दलदलींचे लचके तोडले.

कारण लाटा दलदलीच्या समोरच्या कडेवरही येऊन आदळतात. तिथे हात-दोन हात उंचीची उभी भिंत तयार होते, खालून पोखरली जाते आणि मुळांसकट ढेकळं कोसळतात. कोसळलेल्या चिखलातला काही भाग पुढच्या भरतीला त्याच दलदलीच्या माथ्यावर जाऊन बसतो. म्हणजे एकच दलदल समोरून आखडत असते आणि वरून वाढत असते. उंची वाढतेय म्हणून दलदल सुखरूप आहे असं समजणं यासाठीच धोक्याचं. आत शिरलेल्या लाटा मात्र गवतात लवकर थकतात. जर्मनीत हॅनोव्हरला लाटांच्या मोठ्या हौदात खऱ्या दलदलीचे तुकडे लावून वादळी लाटा सोडून पाहिल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात लाटा जेवढ्या कमी झाल्या त्यातला ६० टक्क्यांपर्यंतचा वाटा वनस्पतींचा निघाला, आणि गवत मोडलं तरी खालची जमीन जागची फारशी हलली नाही.

किती बसला, हे कसं कळतं?

मोजायची एक साधी पद्धत अशी: दलदलीवर एका चौकोनात फेल्डस्पार या खनिजाची पांढरी पूड पसरून ठेवायची. वर्ष-दोन वर्षांनी तिथे चाकूने वडीएवढा तुकडा कापून बाजूने बघायचा. काळ्या चिखलात पांढरी रेघ दिसते आणि तिच्यावर जेवढा चिखल, तेवढी भर. लांबच्या काळासाठी खोल नळी घालून गाभा, म्हणजे चिखलाच्या थरांचा उभा तुकडा, काढतात. हवेतल्या अणुचाचण्यांमुळे जगभर पडलेल्या सिझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाचं प्रमाण १९६३ च्या सुमाराला सर्वाधिक होतं, त्यामुळे गाभ्यात ते सगळ्यात जास्त जिथे सापडतं तो थर १९६३ चा. समजा २०२३ मध्ये काढलेल्या गाभ्यात हा थर ३० सेंटिमीटरवर सापडला, तर साठ वर्षांत ३०० मिलिमीटर, म्हणजे वर्षाला ५ मिलिमीटर.

हा आकडा कशाशी ताडायचा? २००६ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली आणि हा वेग वाढतोच आहे. शिवाय चिखल स्वतःच्या वजनाने दबतो, तेवढंही वजा करावं लागतं. गाळाने भरलेल्या पाण्याच्या किनाऱ्यावर दलदल या शर्यतीत टिकते. स्वच्छ, नितळ पाण्याच्या किनाऱ्यावर ती मागे पडते आणि एकदा फार खोल बुडाली की वनस्पती मरतात, गाळ धरणारंच कुणी उरत नाही.

मग तापीचं काय?

तापीची लांबी ७२४ किलोमीटर, खोरं सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर, आणि त्याचा जवळपास चार पंचमांश भाग महाराष्ट्रात. तापीमुखाकडे जाणाऱ्या गाळाचं माहेर मुख्यतः आपण आहोत. नंदुरबार तर दुहेरी धनी: दक्षिणेकडून तापी, उत्तरेच्या सीमेवरून नर्मदा, आणि दोघी त्याच आखाताला मिळतात.

वाटेत धरणं आहेत. मुक्ताईनगरच्या खाली पूर्णा-तापीचं पाणी अडवणारं हतनूर, मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज, आणि शेवटी १९७२ मध्ये पूर्ण झालेलं उकाई, ज्याच्या फुगवट्याचं पाणी नवापूर तालुक्यापर्यंत येतं. थांबलेल्या पाण्यात गाळ बसतो, हे वर सांगितलेलंच शास्त्र धरणालाही लागू आहे. वाळू आणि जाडा पोयटा जलाशयात शिरताच पडतो, बारीक चिकणमाती पुराच्या लोंढ्याबरोबर काही प्रमाणात सांडव्यावरून पुढे जाते. दलदलीला हवी असते ती हीच बारीक माती, हे त्यातल्या त्यात बरं. आखाताच्या तळाशीही हजारो वर्षांचा गाळ साठलेला आहे आणि भरती तोच पुन्हा पुन्हा फिरवत असते, त्यामुळे नदीकडून येणारा गाळ घटला तरी काठावर त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. मिसिसिपीच्या मुखाशी तो दिसला. बांधबंदिस्ती आणि धरणांनी नदीचा गाळ दलदलींपासून तोडला, तेल-वायूसाठी कालवे खणले, जमीन खचली, आणि लुइझियानाने १९३२ ते २०१६ या काळात सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली. हे क्षेत्र गोवा राज्यापेक्षा मोठं आहे.

यावरून कुणी म्हणेल, मग शेतातली माती वाहू द्यावी का? अजिबात नाही. वावरातला वरचा थर वावरातच राहिला पाहिजे, बांधबंदिस्ती, चर, झाडं यांना पर्याय नाही. धरणातला गाळ काढून शेतात टाकण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजनाही मला मनापासून पटते. प्रश्न फक्त नदीत उतरलेल्या, आता कुठल्याच शेताच्या उपयोगी न पडणाऱ्या बारीक गाळाचा आहे. तो जलाशयात बसला तर जलाशयाची साठवण जाते आणि किनाऱ्याचीही भर जाते, दोन्हीकडून तोटाच. चीनमध्ये पिवळ्या नदीवरच्या शिआओलांगदी धरणातून २००२ पासून ठरवून गाळाचे लोंढे सोडले जातात आणि तो गाळ मुखापर्यंत पोचतो.

हतनूरला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते उघडे ठेवून गढूळ पाणी पुढे जाऊ द्यायचं आणि पाणी जरा निवळल्यावर, हंगामाच्या अखेरीकडे, धरण भरून घ्यायचं, एवढं केलं तरी गाळाचा मोठा हिस्सा खाली सरकतो. उकाईचं गणित अवघड आहे. तिथून सोडलेलं पाणी थेट सुरतेवर जातं आणि २००६ च्या ऑगस्टमधला पूर त्या शहराला चांगला आठवतो, त्यामुळे तिथले दरवाजे नुसत्या गाळासाठी हलवता येणार नाहीत. पण एक गोष्ट आकडेमोडीत घ्यायलाच हवी. जून-जुलैच्या पहिल्या पुरांत, वावरं उघडी असताना, पाण्यात गाळ भरपूर असतो. उकाई तेव्हा वर्षातलं सगळ्यात रिकामं असतं, आणि नेमकं तेच पाणी आधी तिथे साठवलं जातं.